माझ्या खोलीत तिची परीक्षा

भावजयीची परीक्षा माझ्या खोलीत होणार, हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "शनिवारी दुपारी तुझी खोली लागेल गं. दोन ते पाच."

"लागेल म्हणजे?"

"तिची ती फॉरेनची परीक्षा आहे ना. आता घरूनच देतात म्हणे. धड कडी तुझ्याच खोलीच्या दाराला आहे."

परदेशात पुढचं शिकायला जाणाऱ्यांना जी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती ही. पूर्वी केंद्रावर जाऊन द्यावी लागायची, आता घरबसल्या देता येते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुठल्या तरी देशात बसलेला एक पर्यवेक्षक तुमच्यावर नजर ठेवून असतो. अट एकच, पण कडक: खोलीत दुसरं माणूस नको आणि दुसऱ्या माणसाचा आवाजही नको. आमच्या जेलरोडच्या फ्लॅटमध्ये रस्त्याच्या बाजूला नसलेली आणि आतून नीट बंद होणारी खोली एकच, माझी.

भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं. दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांची मुलगी, शेतकी कॉलेजची पदवी, एका वायनरीच्या लॅबमध्ये नोकरी. वेलींवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करायला तिला बाहेर जायचं होतं. एका विद्यापीठातल्या बाईंनी तिच्याशी बोलून 'अर्ज करा' म्हणून सांगितलं होतं. डिसेंबर संपायच्या आत गुण पोचले नाहीत तर वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी त्या बाई तिला घेतीलच असं नाही. एवढं त्या शनिवारावर अवलंबून होतं.

माझ्या पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणाने. हीच परीक्षा आठ वर्षांपूर्वी मी दिली होती.

तेव्हाही आम्ही ह्याच घरात होतो. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर आणि दोन्हीच्या मधे पुस्तक घेऊन मी. भाऊ बारावीला होता. तो अभ्यासाला बसला की टीव्ही बंद व्हायचा, तो क्लासला गेला की लगेच सुरू. माझं केंद्र पुण्याला आलं होतं, आणि त्याच दिवशी त्याची पूर्वपरीक्षा. आई त्याच्या हातावर दही-साखर ठेवत असताना मी सातच्या बससाठी निघाले. खाली पोचले तेव्हा ती गॅलरीत येऊन ओरडली, "अगं, तुझं दही राहिलं!" मी वर बघून हात हलवला आणि रिक्षात बसले. गुण कमी पडले, थोडेसेच. पुन्हा दे असं कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणत नाही म्हणून मीही हट्टाने दिली नाही. आता मी अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये गणित शिकवते. चांगलं शिकवते, पोरं सांगतात.

शांतता पाळणं आमच्या घराला येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. वडील एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात शिफ्टला होते. नाईट करून आले की दिवसभर झोपायचे, आणि आम्ही पोरं कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये चोरपावलांनी वावरायचो. त्या दिवशी कुकर लागायचा नाही, भात पातेल्यात शिजायचा. दार ओढून घेताना फटीत बोट धरायचं, म्हणजे आपटत नाही. शाळेला निघताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आईला नुसता हात करायचा. ही सगळी विद्या आईला पाठ होती. माझ्या वेळी तिला ती आठवली नाही, सुनेच्या वेळी मात्र एकूण एक आठवली.

आठवडाभर आधीपासून तिची मोहीम सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून आली की शनिवारी दुपारी बाळाला चालायची गाडी देऊ नका. पार्किंगमधल्या क्रिकेटवाल्या पोरांना लाडू देऊन फितवलं. मिक्सरचं सगळं वाटण शुक्रवारीच उरकलं. वडिलांनी बेलची वायर काढली आणि दारावर पाटी लावली, 'परीक्षा चालू आहे. बेल वाजवू नये.' बेल काढलेलीच होती, पण प्लांटात चाळीस वर्षं धोक्याच्या पाट्या वाचलेल्या माणसाला पाटीशिवाय चैन पडत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. आमच्याकडे उलटं चाललं होतं, आणि ते कार्टं चौतिशीचं होऊन कोपऱ्यात बसून बघत होतं.

मी नुसती बघत बसले असते तरी चाललं असतं. पण मी त्याच्या आधीच एक उद्योग करून बसले होते. सप्टेंबरमध्ये भावजय माझ्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, गणिताचं नाय मला टेन्शन. शब्दच लय अवघड हायेत. तुमच्याकडे शब्दांची कार्डं होती म्हणे, हे सांगत होते."

"ती केव्हाच रद्दीत गेली," मी म्हणाले.

कार्डं माझ्या पलंगाखाली होती. बुटाच्या खोक्यात, रबर लावून, अक्षरवार. पुढे इंग्रजी शब्द, मागे अर्थ आणि मी स्वतः रचलेलं एक मराठी वाक्य. आठ वर्षांत मी ती उघडली नव्हती, पण टाकवतही नव्हती. तिला देऊन टाकायला माझं काय जात होतं? काहीच नाही. तरी दिली नाहीत.

शनिवारी जेवणं अकरालाच उरकली. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर चादर टाकली गेली. कॅलेंडर उतरलं. आरसा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भावजयीने केस मागे घट्ट बांधले, कारण कान दिसले पाहिजेत, आणि कानातलं काढून आईकडे दिलं. आईने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिने दही चाटलं, आईच्या पाया पडली, मग वडिलांच्या, मग माझ्या. मी "असू दे, असू दे" म्हणाले. दह्याची वाटी आईच्या हातात तशीच होती, त्यात अजून दही होतं, आणि मला मूर्खासारखं वाटलं की आता ही माझ्याकडे वळेल. चौतिसाव्या वर्षी, परीक्षा नसताना.

मला दाराबाहेर स्टूल टाकून दिलं. "तुला ह्या परीक्षेतलं कळतं," आई म्हणाली. म्हणजे राखण माझी.

आतून लॅपटॉपमधला आवाज ऐकू येत होता. तो माणूस इंग्रजीत एकेक गोष्ट दाखवायला सांगत होता. छत दाखवा. टेबलाखाली दाखवा. दारामागे दाखवा. मग, पलंगाखाली काय आहे ते दाखवा. मी स्टुलावरच गोठले. मग कडी निघाली आणि भावजय बाहेर आली. तिच्या हातात बुटाचं खोकं होतं. झाकणावर माझ्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं, 'शब्द'.

"ताई, हे बाहेर ठेवायला सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली. खोकं माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. कडी लागली.

तिने मला काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. एखादा टोमणा मारला असता तर त्याहून बरं. मला लाज वाटली, आणि माझा स्वभाव असा आहे की लाज वाटली की मला राग येतो. माझी खोली, माझं टेबल, माझा पलंग, माझंच खोकं माझ्याच हातात देऊन मलाच बाहेर बसवलेलं. आणि आत ती दिंडोरीची पोरगी माझी परीक्षा देतेय, असं मला वाटलं. अगदी ह्याच शब्दांत वाटलं, 'माझी परीक्षा'.

तीनच्या सुमाराला आई चवड्यांवर चालत आली. हाताने खुणा करून विचारलं, चाललंय ना? मी मान हलवली. ती माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, तुला चहा आणू का असं विचारेल. ती म्हणाली, "फार कष्ट केलेत गं पोरीने. होऊ दे रे देवा हिचं." आणि दाराकडे बघून हात जोडले. तेवढ्यात वर काहीतरी धपकन पडलं. आई बाळाची गाडी आठवून तरातरा वर गेली. वडील तर जेवल्यापासून खाली गेटवर उभे होते, कांदे-बटाटेवाल्याचा भोंगा आत येऊ नये म्हणून.

भाऊ कामावर गेलेला. घरात मी आणि बंद दारामागे ती, एवढ्याच उरलो. साडेतीन वाजले. माझा चारचा क्लास होता, ते आईला माहीत होतं; ती दोन मिनिटांत खाली येणारच होती. मी खोकं स्टुलावर ठेवलं, पर्स घेतली, चपला घातल्या. आणि त्या दाराकडे तोंड करून, साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाले, "येते गं!"

आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. ते अशुभ. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं की आई जिन्यावरून परत बोलवायची, आत येऊन बसायला लावायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि मग पुन्हा 'येते' म्हणवून सोडायची. तेव्हा 'येते' म्हणणं ही माझी सवय होती, हे खरं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण नाईटच्या दिवशी नुसता हात करून निघायची सवयही मला त्याच आईने लावली होती. दोन सवयींपैकी एक मी निवडली. जिना उतरताना मला ते ठाऊक होतं.

साडेसहाला परत आले तर वडील गॅलरीत बसलेले आणि आई रडवेली. "बंद केली गं परीक्षा! मधेच! बाहेरचा आवाज गेला म्हणे आत." भावजयीने घरात एवढंच सांगितलं होतं. आईने गुन्हेगार नक्की केलेला होता, कांदे-बटाटेवाला. वडील सांगत होते की तो गेटच्या आत आलाच नाही, मी स्वतः उभा होतो. आई म्हणत होती, मग भोंगा काय विमानातून वाजला? पुढे आठवडाभर तिने त्या माणसाकडून कांदे घेतले नाहीत. तो बिचारा विचारायचा, "मावशी, काय चुकलं का माझं?" मी पिशवी घेऊन त्याच्या समोरून जायचे तेव्हा माझी मान वर होत नसे. चोराच्या मनात चांदणं. आईला आजही तो भोंगाच वाटतो.

त्या संध्याकाळी भावजय माझ्याच पलंगावर बसली होती. चादर अजून कपाटावर तशीच. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "नक्की काय झालं?"

"तुमचा आवाज आला ना ताई, तो लगेच म्हणाला, कोण बोललं? मी सांगितलं, नणंद. तो म्हणे, काय बोलली? मी घाईत सांगून टाकलं, 'आय अ‍ॅम कमिंग'."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"मग तो म्हणे, ती आत येणार हाय का? कोणी येऊ शकत नाय. मी म्हटलं, नाय हो सर, ती जातीये. तो म्हणे, आत्ताच तर तुम्ही म्हणाल्या की येतीये. मी म्हटलं, ती येते म्हणाली, पण ती जातीये. आमच्यात जाताना येतेच म्हणतात. त्याने पुन्हा विचारलं, येतीये का जातीये, एकच काय ते सांगा." तिने माझी उशी मांडीवर ओढली. "त्याला वाटलं, मी बनवतीये. दोनदा वॉर्निंग दिली आन बंद केलं."

मला हसू फुटलं. तिलाही. दोघी तोंडावर हात दाबून हसलो, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिचं नुसतं पाणीच राहिलं. "माझंच चुकलं ताई. 'गोइंग' सांगायला पाहिजे होतं. एवढे शब्द पाठ केले आन हाच चुकला."

इतकं करून दोष तिने स्वतःकडे घेतला. खोक्याबद्दल चकार शब्द नाही. माणसाने चांगलं असावं, पण इतकं असू नये, समोरच्याची पंचाईत होते. मला त्या क्षणी तिच्या चांगुलपणाचाही हेवा वाटला. आणि आत कुठेतरी, बरं झालं, असं एक समाधानही होतं. ते मी लपवत नाही. होतं.

पुन्हा परीक्षा द्यायला तीन आठवडे थांबायचा नियम होता. पुढची तारीख मिळाली ती मुदत संपायच्या चार दिवस आधीची. ती चुकली की संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते खोकं तिच्या उशाशी ठेवून आले. दोन दिवसांनी बघते तर तिने कार्डांचे दोन गठ्ठे केलेले. मोठा गठ्ठा तिला आधीपासून येत असलेल्या शब्दांचा होता. त्याचंही मला वाईट वाटलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी कपडे वाळत घालत होते. ती चिमट्यांची टोपली धरून शेजारी उभी राहिली. "ताई, उद्या तुम्हीच बसा बाहेर."

"मी नाही. आईला बसव. नाहीतर त्याला रजा काढायला सांग." भाऊ पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला असतो, एक दिवस काढता आला असता.

"नाय, तुम्हीच."

माझा तोल सुटला. "अगं, तुला कळत कसं नाही? मला बसवू नकोस. मला तुझा हेवा वाटतो. तुझी परीक्षा बंद पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते 'येते' मी चुकून म्हटलं नव्हतं."

तिने टोपलीतून एक चिमटा काढून मला दिला. मी तो टॉवेलला लावला.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "आतून तुमचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं. पण ताई, घरात बाकी कोणाला कळतं ही परीक्षा म्हणजे काय? आईंना वाटतं, पास-नापास असतं. ह्यांना वाटतं, झाली तर झाली. गेली तर काय जातं, ते तुम्हालाच म्हाईत. म्हणून तुम्ही बसा." मग पुढचा चिमटा माझ्या हातात देत, "आन हेवा काय, आमच्या दिंडोरीत शेजारच्या बागेचा माल चांगला आला तर लोकं आठ-आठ दिवस बोलत नाय. तुम्ही तर कार्डं दिली."

मी दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी टाकली आणि दोन वाजता स्टुलावर बसले.

तीन तास काही म्हणजे काही घडलं नाही. आई दोनदा चवड्यांवर आली, मी दोनदा तिला बोटाने परत पाठवलं. एकदा ती काहीतरी कुजबुजणार होती, तर मी चक्क तिच्या तोंडावर हात ठेवला. पाय आखडले, घसा खाकरायचा होता तो खाकरला नाही. दारापलीकडून माऊसचे टकटक आवाज येत होते. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर वेळ मोजत होते. आता शब्दांचा भाग. आता गणित. माझं गणित बिघडलं होतं ते इथेच, शेवटच्या दहा मिनिटांत. मला तिची परीक्षा चांगली जायला हवी होती की नको होती, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. आवाज मात्र मी येऊ दिला नाही.

कडी निघाली. ह्या परीक्षेत गुण तिथल्या तिथे पडद्यावर येतात. तिने दार उघडलं, बाहेर कुणाला हाक मारली नाही, फक्त मला आत घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ते आकडे धड वाचायच्या आत मी त्यातून माझे वजा केले होते. चौदा जास्त. मग तिने मला मिठी मारली आणि ती रडायला लागली. मीही रडले. आई-वडील धावत आले, आई म्हणाली, "बघा, दोघी कशा रडतायत आनंदाने!" माझ्या रडण्यात आनंद किती होता, ते भावजयीला समजलं असावं, तिने माझी पाठ थोपटली त्यावरून तरी तसं वाटलं.

आईने केळं घालून शिरा केला. भाऊ पिंपळगावहून लवकर आला. विद्यापीठातल्या बाईंना गुण कळवून झाले, अर्ज गेला. सगळे ताटल्या घेऊन हॉलमध्ये बसलो होतो. वडील विचारत होते, हे गुण कितीपैकी असतात, म्हणजे चांगले म्हणायचे ना? भावजय समजावून सांगत होती. आई वाढता वाढता माझ्यापाशी थांबली.

"आणि गं, तुला किती पडले होते तेव्हा?"

आठ वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. तेव्हा मी घरी येऊन 'कमी पडले' म्हणाले होते, आणि कितीने कमी, हे कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही भागांचे आकडे माझ्या जिभेवर होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. भावजय बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघत होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

"खरंय, केवढी वर्षं झाली त्याला," आई म्हणाली, आणि शिऱ्याचं पातेलं घेऊन भावजयीकडे वळली.